गोल्फच्या डाउनस्विंगमधली कंबर : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

९ जून, रविवार

सगळं काम सात नंबर आयर्नवर, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबवर (गोल्फच्या काठीवर) करायचं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, बॅगेतून काढून गाडीच्या डिकीत टाकलाय, हात शिवशिवायला नकोत म्हणून.

दोष एकच धरलाय. डाउनस्विंग (क्लब वरून खाली चेंडूकडे आणणं) सुरू झाला की माझी कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येते, वाकलेली पाठ उभी होते आणि हातांना जायला जागाच उरत नाही. याला अर्ली एक्स्टेंशन म्हणतात. हौशी खेळाडूंत हे इतकं सर्रास आढळतं की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शेजारच्या माणसाकडे पाहिलं तरी पुरतं. फटक्यांत ते असं उमटतं: उजवीकडे सरळ निघून जाणारा ब्लॉक, तो टाळायला मनगटं फिरवली की डावीकडे कोसळणारा हुक, मध्येच जमिनीलगत सरपटणारा टॉप. आणि शँक. शँकमध्ये गूढ काही नाही. कंबर दोन इंच पुढे आली की हातही तेवढेच पुढे ढकलले जातात आणि चेंडूला फेसऐवजी (क्लबच्या सपाट तोंडाऐवजी) होझल, म्हणजे दांडा डोक्याला जोडतो तो भाग, लागतो.

आज पहिलं चित्रीकरण केलं. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर, माझ्या उजव्या हाताला, लक्ष्याच्या रेषेत. मोबाइलची उंची हातांच्या पातळीला आणि जागा हातांच्या मागे बरोबर एका रेषेत हवी. तो वीतभर जरी आत-बाहेर झाला तरी कंबर सरकलेली दिसते किंवा सरकूनही जागेवर दिसते. म्हणून मॅटवर एक अलाइनमेंट स्टिक ठेवली आणि मोबाइल तिच्या शेपटाला लावला. यापुढे प्रत्येक वेळी हीच जागा, नाहीतर आजची आणि ऑगस्टची फीत शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

स्टान्स घेतल्यावर, म्हणजे फटक्यासाठी उभं राहिल्यावर, नितंबांना टेकून पडद्यावर उभी रेघ ओढली. बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) संपताना उजवा नितंब रेघेला टेकलेला आहे, तिथवर सगळं ठीक. डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत रेघ सुटली. इम्पॅक्टला, म्हणजे क्लब चेंडूला लागतो तेव्हा, रेघ आणि पँट यांच्या मधून मागचं अख्खं गुलमोहराचं खोड दिसतं.

१२ जून, बुधवार

ऑफिसमधून आल्यावर कागदावर थोडा हिशेब मांडला.

डाउनस्विंगला साधारण पाव सेकंद लागतो. २४० च्या फितीत साठेक फ्रेम. बॅकस्विंगच्या शेवटी कंबर उजवीकडे ४५ अंशांच्या आसपास वळलेली असते आणि चांगल्या व्यावसायिक खेळाडूची कंबर इम्पॅक्टला डावीकडे ४० अंशांपर्यंत उघडलेली असते. म्हणजे पाव सेकंदात ८५ अंश, सरासरी सेकंदाला साडेतीनशे अंशांच्या घरात. शिवाय हा वेग सगळीकडे सारखा नसतो. कंबर आधी वेग घेते आणि इम्पॅक्टच्या आधीच मंदावते, मग छाती वेग घेते, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येकाने आपला वेग पुढच्याच्या हवाली करायचा, अशी ती साखळी आहे.

या हिशेबातून एक गोष्ट पक्की झाली. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. म्हणजे डाउनस्विंग चालू असताना ‘आता कंबर मागे ठेव’ असं मनात म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो. जे काही बदलायचं ते त्या पाव सेकंदाच्या आधी: उभं राहण्यात, बॅकस्विंगमध्ये, नाहीतर थेट सांध्यात.

१६ जून, रविवार

सोसायटीत एक फिजिओथेरपिस्ट ताई राहतात. त्यांच्या मदतीने दोन्ही खुबे मोजले. पोटावर झोपायचं, गुडघा काटकोनात वर, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडू द्यायचं. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आत फिरतं. नडगीला मोबाइल लावला की कोन कळतो. उजवा ३८ अंश, डावा २२.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय डाउनस्विंगमध्ये जमिनीत रोवलेला असतो आणि कंबर त्याच्यावरून डावीकडे फिरते. खुब्याच्या दृष्टीने हे आतलं फिरणं. तिथे २२ अंशच असतील तर कंबर थोडी वळते, अडते, आणि मग शरीर दुसरी वाट शोधतं. सगळ्यात सोपी वाट म्हणजे पुढे आणि वर. माझी फीत पाहून ताई एवढंच म्हणाल्या, “तुम्हाला दुसरा काही पर्यायच नाहीये.”

मी म्हटलं, ताई, मी रोज जमिनीवर मांडी घालून जेवतो, माझे खुबे कसे आखडतील? त्यावर त्यांनी मांडी घालायला लावली आणि गुडघ्यांकडे बोट दाखवलं. मांडीत दोन्ही खुबे बाहेर फिरतात. त्या दिशेला मी अजून पंचविशीत आहे. आतल्या दिशेला मात्र आपलं रोजचं बसणंउठणं काहीच करत नाही, आणि वर दिवसाचे आठ तास खुर्ची. रेंजवर ‘आपल्या लोकांना खुब्याचा प्रश्न नसतो, आपण जमिनीवर बसतो’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. अर्धंच खरं आहे ते.

व्यायाम दिला तो असा: जमिनीवर बसून पुढचा गुडघा काटकोनात आणि मागचाही काटकोनात, मग मागच्या पायाच्या बाजूला धड वळवायचं, मागचं पाऊल जमिनीवरून उचलायचा प्रयत्न करायचा. डाव्या खुब्यासाठी डावा पाय मागे. रोज सकाळी, चहाच्या आधी. ताण खुब्यात जाणवला पाहिजे. गुडघ्याच्या आत चमक आली तर तिथेच थांबायचं, अशी तंबी मिळालीय. अडलेल्या खुब्यावर जोर लावला की भार गुडघ्यावर आणि मणक्यावर जातो.

१८ जून, मंगळवार

खुबा सुटायला महिने लागतील. तोवरचा उपाय फुकट आहे: डावं पाऊल बाहेर वळवून उभं राहायचं. पाऊल जितकं बाहेर, तितकी कंबरेला पुढे फिरायला मोकळीक. जुना अमेरिकी विजेता बेन होगन उजवं पाऊल सरळ आणि डावं काटकोनाच्या पाव हिश्शाइतकं बाहेर ठेवायला सांगायचा, म्हणजे साधारण २२ अंश. मी तिशीपर्यंत नेलं. मॅटवर खडूने खूण केली.

फितीत फरक लगेच दिसला. रेघ सुटतेच, पण सहा-सात फ्रेम उशिरा. पाऊल वळवल्याने बॅकस्विंग किंचित आखूड झाला, तो चालेल.

२३ जून, रविवार

रेंजवर पाणी साचलंय. घरीच भिंतीचा सराव.

भिंतीकडे पाठ, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, कंबरेतून वाकून नितंब भिंतीला जेमतेम टेकलेले. हात छातीवर. बॅकस्विंगला उजवा नितंब भिंत दाबतो, डावा सुटतो. डाउनस्विंगला डाव्याने मागे येऊन भिंत पकडायची, आणि तीसुद्धा उजवा सुटायच्या आधी. दोन्ही एकदम टेकलेले असा एक क्षण मध्ये यायला हवा. तो क्षण हा सगळ्या सरावाचा गाभा आहे. त्या क्षणी माणूस किंचित खाली बसल्यासारखा दिसतो. अमेरिकी खेळाडू सॅम स्नीडच्या जुन्या फितींत ही बैठक स्वच्छ दिसते.

आईने दारातून पाहिलं. “काय रे, कंबर धरली का?” नाही म्हटलं तर गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, रेंजचा विचारच नाही. भिंत आणि व्यायाम.

६ जुलै, शनिवार

वजन कुठे असतं ते तपासलं. घरातला काट्याचा जुना वजनकाटा आणि शेजाऱ्यांकडून आणलेला तसलाच दुसरा, एकेका पायाखाली एक. डिजिटल काटा चालत नाही, तो आकडा धरून बसतो. हे सगळं अगदी सावकाश, क्लब न घेता. खऱ्या वेगात काटे कामाचे नाहीत, पण सवय कळते.

माझी सवय अशी: बॅकस्विंग संपला तरी भार उजव्या पायावर, आणि तोही पंजावर. कंबर वळायला लागते तेव्हाही भार तिथेच. टाच मोकळी असल्यावर कंबर पुढे जाणारच, तिला मागे धरणारं काही नाही.

चांगल्या खेळाडूंत क्रम वेगळा असतो. भार उजवीकडे लवकर जातो, आणि क्लब अजून मागे चाललेला असतानाच डावीकडे परतायला लागतो. डाउनस्विंगमध्ये डावा हात समांतर येतो तेव्हा तीन चतुर्थांशाच्या आसपास दाब डाव्या पायावर असतो. म्हणजे वरून पाहणाऱ्याला ‘बॅकस्विंग संपला, मग डाउनस्विंग’ असं वाटतं, पण पायांनी दिशा आधीच बदललेली असते. अमेरिकी विजेता जॅक निकलस बॅकस्विंगला डावी टाच उचलायचा आणि ती परत टेकवण्यातून डाउनस्विंग सुरू करायचा. टाच टेकवायला पाव सेकंदाची घाई नसते, तो बॅकस्विंगच्या शेवटाचा भाग असतो. माझ्यासारख्याला पकडता येईल असा हाच एक दोर आहे.

म्हणून पाऊल टाकण्याचा सराव: दोन्ही पाय जवळ, क्लब मागे नेत असतानाच डावं पाऊल लक्ष्याकडे टाकायचं, मग फटका. पाऊल टेकायच्या आधी हात खाली आले तर चेंडू कुठेही जातो. आज तो कुठेही गेला.

१४ जुलै, रविवार

गोल्फ शिकवणाऱ्या सरांसोबत तासभर. मी त्यांना विचारलं, सगळे जण ‘कंबर जोरात फिरव’ म्हणतात, त्याचं काय? त्यांनी तसंच करायला लावलं. वरूनच कंबर भिरकावली. भार उजवीकडेच राहिला, कंबरेबरोबर खांदेही उघडले, क्लब बाहेरून आत आला आणि चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळला.

मग सरांनी होगनची गोष्ट काढली. डाउनस्विंगची सुरुवात कंबर डावीकडे वळवून करायची, हे त्याने ठासून सांगितलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालं. पण होगन उमेदीची वर्षं हुकशी झगडलेला माणूस. कंबर आणि धड जितक्या लवकर उघडेल तितका त्याचा हुक आटोक्यात यायचा. ते औषध त्याच्या दुखण्यावरचं होतं. स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, मारणाऱ्याने तेच घेतलं तर दुखणं वाढतं.

दुसरं टोकही सरांनी दाखवलं: कंबर न वळवता नुसती लक्ष्याकडे सरकवायची. यात डावा खुबा डाव्या पावलाच्या बाहेर निघून जातो आणि धड मागे राहतं. सरकणं थोडं हवं, तेही सुरुवातीला. मग डावा पाय सरळ होत खुब्याला मागे ढकलतो. जमीन ढकलायची आणि खुबा मागे जाऊ द्यायचा. ‘फिरव’ हा शब्द सरांनी दिवसभरासाठी बंद केला.

२५ जुलै, गुरुवार

आज काही नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत घरांत शिरलं. सिंहगड रस्त्यावरच्या मित्राकडे सामान वर चढवायला गेलो होतो. कंबर दुखतेय, पण त्याचं कारण वेगळं.

४ ऑगस्ट, रविवार

पॅरिस ऑलिंपिकची शेवटची फेरी, ल गोल्फ नॅशनल. स्कॉटी शेफलर चार फटके मागून आला, ६२ फटक्यांत फेरी संपवली आणि एकूण १९ अंडरवर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा १९ कमी) सुवर्ण घेऊन गेला. फ्लीटवुड रौप्य, मात्सुयामा कांस्य. आपले शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर होते, पदकाच्या आसपास नव्हते.

मी बघत होतो ते शेफलरचे पाय. फटक्याच्या वेळी त्याचं उजवं पाऊल मागे घसरतं, कधीकधी डाव्याच्या पार मागे जातं. पाठ्यपुस्तकात न बसणारं आहे, तरी जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. मला त्यातून दिसलं ते एवढंच की त्याचं उजवं पाऊल चेंडूकडे कधीच जात नाही. माझा उजवा गुडघा बरोबर तिकडेच जातो आणि उजव्या खुब्याला ओढून नेतो. शेफलरची नक्कल मी करणार नाही, घसरून पडेन. पण गुडघ्याची दिशा उचलण्यासारखी आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

उजव्या गुडघ्याच्या पुढे, चेंडूच्या बाजूला, चार बोटं अंतरावर रिकामी बॅग उभी केली. डाउनस्विंगला गुडघा बॅगेला लागला की फटका बाद. गुडघ्याने डाव्या गुडघ्याकडे जायचं. आधी अर्ध्या वेगाने, मग पाऊण.

अर्ध्या वेगाला रेघ सुटत नाही. पाऊण वेगाला इम्पॅक्टच्या आठ-दहा फ्रेम आधी सुटते. पूर्ण वेगाला जून महिना परत येतो.

१७ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद लांब होणार, कारण प्रकल्पाची दिशाच बदलली.

मला छळणारा प्रश्न: हळू स्विंगला जमतं ते वेगात का मोडतं? खुबा तोच, पाय तेच. सरांना पूर्ण वेगाची फीत दाखवली. त्यांनी कंबरेकडे पाहिलंच नाही. बॅकस्विंगच्या शेवटी फीत थांबवली आणि डाव्या मनगटावर बोट ठेवलं. मनगट मागे मोडलेलं, त्यामुळे फेस आकाशाकडे न बघता पुढे उघडा पडलेला.

त्यांचं म्हणणं असं. फेस इतका उघडा असेल तर तो चेंडूवर येईपर्यंत बंद करायला हात उलटे फिरवावे लागतात. हात फिरवायला वेळ आणि जागा लागते. कंबर फिरत राहिली, वाकलेली राहिली, तर दोन्ही मिळत नाही आणि चेंडू थेट उजवीकडच्या जाळीत जातो. हजारो चेंडू मारताना शरीराने हे शिकून घेतलंय. म्हणून ते कंबर थांबवतं, उभं राहतं, हातांना जागा करून देतं. हळू स्विंगला हात आरामात फेस बंद करतात, म्हणून कंबर आपलं काम करते. वेगात तडजोड परत येते.

पटलं. कारण ब्लॉक आणि हुक आलटून-पालटून का येतात हेही त्यातून सुटतं. हात वेळेवर फिरले नाहीत तर ब्लॉक, जास्त फिरले तर हुक.

तोडगा ग्रिपमध्ये, म्हणजे दांडा धरण्यात. डावा हात दांड्यावर उजवीकडे वळवला, इतका की वरून बघताना बोटांची अडीच पेरं दिसावीत. वर गेल्यावर मनगट सपाट. पहिले काही चेंडू डावीकडे गेले, एक तर शेजारच्या खेळायच्या कप्प्याच्या पत्र्यावर. सर म्हणाले, “छान. आता कंबरेला फिरावंच लागेल, नाहीतर असेच डावीकडे जातील.”

आणि खरंच, काही वेळाने चेंडू सरळ यायला लागले. कंबरेचा विचार त्या वेळी डोक्यात नव्हता.

२५ ऑगस्ट, रविवार

नवी ग्रिप, डावं पाऊल बाहेर, बॅकस्विंग संपायच्या आत डावी टाच दाबणं. तीनच गोष्टी, तिन्ही पाव सेकंदाच्या आधीच्या. पूर्ण वेगाची फीत: रेघ इम्पॅक्टच्या पाचेक फ्रेम आधी सुटते. खोड दिसत नाही, बारीक फट दिसते.

ग्रिपने तळहाताला नवे फोड आणलेत.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. दहा दिवस रेंज नाही. व्यायाम चालू, आरतीच्या आधी. भाचा शेजारी बसून तोच व्यायाम करतो आणि त्याचं मागचं पाऊल सहज वर उचलतं. नऊ वर्षांचा आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

खंडानंतर पहिला दिवस. ग्रिप हातात राहिली, पायाचं टायमिंग गेलं. पाऊल टाकण्याच्या सरावाने परत आलं.

एक नवी गोष्ट दिसली. थकल्यावर मी पंज्यांवर उभा राहतो. चेंडूंच्या बादलीच्या शेवटच्या पाव हिश्शातल्या फिती वेगळ्या काढल्या तर जवळजवळ सगळ्यांत रेघ लवकर सुटलेली. आता बादली अर्धीच घेतो. रेंजवरच्या पोराला वाटतं साहेबांनी काटकसर सुरू केली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी नऊ होल. ड्रायव्हर अजून डिकीत, टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, पाच वुड (ड्रायव्हरहून आखूड क्लब).

कोर्सवर मॅट नसते, डिव्होट (फटक्याने उखडलेल्या गवत-मातीचा खड्डा) खोटं बोलत नाही. जूनमध्ये माझे डिव्होट चेंडूच्या मागे किंवा नव्हतेच. आज आयर्नचे बहुतेक डिव्होट चेंडूच्या पुढे, उथळ, लक्ष्याच्या किंचित डावीकडे. एकही शँक नाही. उतारावरच्या एका फटक्यात, चेंडू पावलांच्या खाली असताना, जुनी उभं राहण्याची खोड उफाळली आणि टॉप झाला. अशा जागी गुडघे जास्त वाकवून बसावं लागतं, आणि बसून राहायला मांड्यांत जोर लागतो. तो माझ्यात कमी आहे.

सहाव्या होलनंतर कॅडी म्हणाला, “आज उठत नाय साहेब तुम्ही.” हा मनुष्य चार वर्षं माझी बॅग उचलतोय. मी उठतो हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? “सांगितलं असतं तर तुम्ही डोकं खाली धरून बसला असता. सगळे तेच करतात.” बरोबर आहे. डोकं खाली दाबून धरलं की कंबर अडकते आणि पाठ धरते. उभं राहणं डोक्यापासून सुरू होतच नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

ताईंकडे फेरमोजणी. डावा खुबा २२ वरून ३१ अंश. उजवा ३९. ताईंच्या मते डावा यापुढे फारसा जाणार नाही, हाडांची ठेवणच तशी असू शकते. म्हणजे डावं पाऊल बाहेर वळवून उभं राहणं हा तात्पुरता उपाय राहिला नाही, तो कायमचा.

पट्ट्याच्या लुपांतून आडवी काठी घालून इम्पॅक्टची स्थिती धरली आणि वरून फोटो काढला. सुमारे ३० अंश उघडी. व्यावसायिकांच्या चाळिशीला पोचायचं नाहीये. तीस अंशांत हातांना जागा मिळते, चेंडू सरळ जातो, दुसऱ्या दिवशी पाठ दुखत नाही.

सात नंबरचं अंतर साधारण तेवढंच आहे. उजवीकडे-डावीकडे पसरलेला पट्टा मात्र निम्म्यावर आला.

२७ ऑक्टोबर, रविवार

ड्रायव्हर डिकीतून काढला. स्टान्स रुंद, चेंडू डाव्या टाचेसमोर, आणि पहिल्याच फटक्याला कंबर पुढे. फीत पाहिली: रुंद स्टान्समुळे डावी टाच दाबायला उशीर होतोय, आणि चेंडू वर उचलायच्या नादात उजवा खांदा खाली पडतोय. दोन्ही पायांतलं अंतर एका पावलाच्या रुंदीने कमी करून पाहिलं, तेव्हा रेघ जरा उशिरा सुटली.

ड्रायव्हरसाठी वेगळी वही. पुढच्या रविवारी भाऊबीजेच्या पाहुण्यांतून सुटका झाली तर पहिली फीत, मोबाइलची जागा तीच.